सोलापूरच्या पक्षी-सहली: पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही

सहलीच्या जाहिरातीवर माळढोकाचा फोटो दिसला की आधी विचारायचं, ‘शेवटचा कधी बघितला?’ उत्तर गुळमुळीत आलं तर बुकिंगचं बोलणं तिथंच थांबवा. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते माळढोकासाठीच. तेव्हा कागदावरचं क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, पुढं ते साडेबाराशेच्या आसपास आणलं गेलं. पक्षी त्याहून जोरात घटला. आज देशभरात मिळून माळढोक दीडशेच्या आत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. इथं तो दिसला तर नशीब, पण नशिबाचे पैसे आगाऊ घेणाऱ्याकडे जाऊ नये. सरळ गाइड गाडी सुरू व्हायच्या आतच सांगून टाकतो की माळढोकाची आशा धरू नका, धाविक आणि भोवत्ये बघायला चला. धाविक म्हणजे माळावर पळणारा लहान पक्षी, भोवत्ये म्हणजे हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी (हॅरियर).

हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सोलापुरातून सहली निघतात त्या साधारण दोन तऱ्हेच्या: अर्ध्या दिवसाची नान्नज आणि हिप्परगा, आणि पूर्ण दिवसाची उजनी. आयोजकांची नावं इथं मुद्दाम देत नाही. एकाच आयोजकाकडे या रविवारचा गाइड आणि पुढच्या रविवारचा गाइड यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यामुळं परीक्षण गाइडच्या कामाचं.

अर्ध्या दिवसाच्या सहलीत सगळा खेळ वेळेचा. नान्नज बार्शी रस्त्यानं शहरापासून वीस-बावीस किलोमीटर. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सहाला गाडी हलली पाहिजे. साडेनऊ-दहानंतर माळ तापतो आणि जमिनीलगतची हवा थरथरायला लागते. मग कितीही महागडा स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एकडोळी दुर्बीण) असो, दोनशे मीटरवरचा पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. ६० पट मोठं करून बघण्याचा हट्ट धरला तर थरथरही तेवढीच मोठी होते. त्या वेळी २० ते २५ पटीवरच थांबायचं. तरीही बरेच आयोजक आधी हिप्परगा, तिथं चहा, फोटो, आणि मग माळ असा क्रम लावतात, कारण हिप्परगा शहराला लागून आहे. उलटा क्रम आहे हा. तलावातली बदकं दुपारीही तिथंच असतात, माळावरचा पक्षी ऊन चढलं की झुडपाच्या सावलीत बसतो.

माळावर गाइडची पारख धाविकावर होते. धाविक उंच गवतात शोधणारा गाइड नवखा समजावा. हा पक्षी राहतो मुरमाड, चरून बोडक्या झालेल्या जमिनीवर किंवा नांगरलेल्या पडीक रानात. दहा-बारा पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, ताठ उभा राहतो, वाकून एखादा किडा टिपतो, पुन्हा पळतो. उभा राहिला की छातीचा तांबूस रंग आणि डोळ्यावरून मानेमागं जाणारा काळा-पांढरा पट्टा दिसतो. पाठ फिरवली की ढेकूळ. जाणता गाइड गाडीतूनच दाखवतो. गाडीला हे पक्षी फारसे बुजत नाहीत, दोन पायांवर उभ्या माणसाच्या आकृतीला बुजतात. दहा जण खाली उतरले, दारं धाडधाड आपटली, की धाविक पुढच्या रानात. पीतमुखी टिटवी त्याच जमिनीवर असते आणि गडबड झाली की ओरडून सगळ्यांना सावध करते.

पखुर्डीसाठी, म्हणजे माळावरच्या सँडग्राउजसाठी, घड्याळ बघावं. तांबूस पोटाची पखुर्डी सूर्य उगवून दोन-तीन तासांनी पाण्यावर येते, म्हणजे हिवाळ्यात साधारण नऊ ते दहा. थवा आधी आवाजानं कळतो, मग नजरेला पडतो. चित्रित पखुर्डीचं वेळापत्रक वेगळं, ती तिन्हीसांजेला आणि फटफटायच्या आधी पाणी पिते. सकाळच्या सहलीत दोन्ही पखुर्ड्या ‘नक्की’ दाखवतो म्हणणाऱ्याला हे माहीत नाही, किंवा तुम्हाला माहीत नसेल असा त्याचा अंदाज आहे.

आता भोवत्ये, ज्यांच्यासाठी खरं तर ही सहल करावी. मध्य आशियातून येतात, माळावरचे नाकतोडे खातात, आणि संध्याकाळी गवतात जमिनीवरच थव्यानं झोपायला उतरतात. नराची ओळख फार अवघड नाही. माँटेग्यू भोवत्याच्या नराच्या पंखावर वरच्या बाजूनं एक काळी रेघ असते आणि कुशीवर तांबूस रेघोट्या. पांडुर भोवत्याचा नर फिका, स्वच्छ, पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. गोची होते ती माद्यांची आणि पिल्लांची. सगळ्या तपकिरी, सगळ्यांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा ठिपका. पांडुरच्या पिल्लाच्या गळ्याभोवती फिकट पट्टी आणि तिच्या मागं गडद मान दिसते, तीही चांगल्या उजेडात. हे न बघता दिसेल त्या तपकिरी भोवत्याला ‘माँटेग्यू’ म्हणून यादीत टाकणारे गाइड पुष्कळ. ‘नक्की सांगता येत नाही, मादी आहे एवढं लिहा’ असं म्हणणारा गाइड मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा. दलदली भोवत्या यांच्यापेक्षा दांडगा. मादी चॉकलेटी अंगाची, डोकं साईच्या रंगाचं, आणि हिप्परग्यावर बदकांची पळापळ झाली की बहुतेक वेळा कारण तीच असते.

म्हणूनच कोणी नान्नजची संध्याकाळची फेरी देत असेल तर सकाळपेक्षा ती घ्यावी. साडेचारला पोचायचं, सूर्य मावळेपर्यंत थांबायचं, उतरण्याच्या जागेपासून निदान दोनशे मीटर लांब. जवळ गेलं तर थवा त्या रात्री जागा बदलतो. अंधारात टॉर्च मारून बसलेले भोवत्ये दाखवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो सहलीत असेल तर पैसे परत मागावेत.

वनविभागाची परवानगी आणि प्रवेशशुल्क आयोजकानं आधी उरकलेलं असावं. फाटकावर अर्धा तास गेला तर पहाटेचा सगळ्यात मोलाचा अर्धा तास गेला. कपडे मातकट, आणि पँट जाड. कुसळी गवताची कुसळं मोज्यातून आत शिरतात आणि चालताना फिरत फिरत पार कातडीपर्यंत पोचतात. धुतल्यावरही निघत नाहीत, एकेक उपसावं लागतं. दुर्बीण ८×४२ची पुरेशी. १०×५०ची हातात हलते आणि दोन तासांनी मान धरते. एका स्कोपमागं सहा माणसं ठीक, दहा झाली की शेवटच्याचा नंबर येईपर्यंत पक्षी उडालेला. गटात किती जण हे बुकिंगलाच विचारावं.

न्याहारीबद्दल तक्रारीला जागा नाही. ज्वारीच्या रानाकडेला हुरडा, शेंगा चटणी, दही, कडक भाकरी. फक्त हुरड्याच्या आगटीभोवती गाणी लावणारा गट शेजारी नसावा. आणि खाताना वर लक्ष असू द्यावं, सापमार गरुड साधारण याच वेळी, हवा तापली की घिरट्या घालायला लागतो. एका जागी पंख फडफडवत अधांतरी थांबलेला एवढा मोठा गरुड दुसरा नाही.

हिप्परग्यासाठी गाइडला वेगळे पैसे देऊ नका. एकरूख म्हणतात तो हाच तलाव, १८७१ पासूनचा. तुळजापूर रस्त्यानं स्वतःच्या गाडीनं जा, सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा. थापट्या चोचीवरून, तलवार बदक शेपटीवरून, चक्रवाक नारिंगी रंगावरून कोणालाही ओळखता येतो. पट्टकादंबाच्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या साध्या दुर्बिणीत दिसतात. पोरांना सवय लावायची असेल तर शहरातला कंबर तलाव त्याहून सोपा.

उजनीची गोष्ट वेगळी, तिथं पैसे नाववाल्याचे. उजनीच्या पाणफुगवट्यावरचं भिगवण सोलापूरपासून सुमारे १४५ किलोमीटर, अडीच तास. उजाडताना कुंभारगाव किंवा डिकसळला नावेत बसायचं तर चारच्या आत निघावं लागतं. सहाला निघणाऱ्या बस नऊ वाजता पोचतात आणि तोवर आदल्या रात्री मुक्कामाला आलेल्यांच्या नावांनी पाणी ढवळलेलं असतं. रोहित (फ्लेमिंगो) कधी येणार हे पाणी ठरवतं. त्याला गुडघाभर पाणी आणि खालचा गाळ लागतो. पाऊस जोरात झालेल्या वर्षी यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय, तुडुंब राहतो, गाळपेर जमीन उघडी पडायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो, आणि डिसेंबरची सहल रोहितांविना परतते. धरणाची पाणीपातळी वर्तमानपत्रात येते. ती बघून तारीख ठरवा, सुट्टी बघून नको.

नावेत बसल्यावर लक्ष रोहितांच्या मानांवर. माना पाण्यात असतील, चोच उलटी घालून चरणं चालू असेल, तर अंतर ठीक. माना वर आल्या, सगळे एकाच दिशेला चालायला लागले, की नाव फार जवळ आली. इथं इंजिन बंद करून बांबूनं मागं घ्यायला सांगा. पुढची पायरी म्हणजे पाण्यावरून धाव आणि उड्डाण. उडतानाचे लाल-काळे पंख फोटोला झकास दिसतात, त्यामुळं काही गिऱ्हाइकं जादा पैसे देऊन मुद्दाम थवा उडवायला लावतात आणि काही नाववाले उडवतात. दर खेपेला त्या पक्ष्याचं चरणं मोडतं आणि तो दिवसागणिक लांब बसायला लागतो. फेब्रुवारीत ‘यंदा रोहित जवळ येत नाहीत’ असं रडगाणं तेच नाववाले गातात.

रोहित नसले तरी नाव फुकट जात नाही. चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचा, शेकाट्ये, नदी सुरय, आणि वारकऱ्यांचे थवे. काळंभोर अंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि राहतो भीमेच्या पाण्यात. नाव ठेवणाऱ्यानं पंढरपूर बघितलेलं असणार.

शेवटी यादीचं. सहल संपल्यावर ‘आज ९० जाती’ असा मेसेज गटावर येतो. त्यात फक्त आवाज ऐकलेले किती, एकट्या गाइडनं बघितलेले किती, हे विचारा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर बोलावणाऱ्या गाइडचा आकडा नेहमी मोठा असतो. आणि गाडीत बसण्याआधी मोजे काढून झटका, पिशवीत एक चिमटा असू द्या.