निळा साल्व्हिया बियांपासून : फुलदाणीसाठी वर्षभर वाढवल्यानंतरचा अनुभव

फुलदाणीसाठी लांब दांड्याचे निळे फूल घरीच वाढवायचे म्हटले, तर पुण्यात पर्याय थोडेच आहेत. गोकर्णाचा निळा कितीही गडद असला तरी पाण्यात उभा राहील असा दांडा त्याला नाही. म्हणून टेक्सास आणि मेक्सिको या भागांतल्या साल्व्हिया फॅरिनेशियाची ‘व्हिक्टोरिया ब्लू’ ही जात मी गेल्या ऑक्टोबरमध्ये गच्चीवर बियांपासून लावली.

बी खोल पुरू नये. ओलसर कोकोपीटवर पसरून वर नावापुरता थर द्यावा. ऊब असल्यास ते आठवड्या-दोन आठवड्यांत उगवते, मात्र पाणी साचले तर कोवळी रोपे बुडाशी काळी पडून आडवी होतात. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा, असे सर्रास सांगितले जाते. कुंडीच्या शोभेसाठी ते योग्यच आहे, पण शेंडा खुडलेल्या रोपांना तुरे पुष्कळ आणि आखूड आले, न खुडलेल्यांना मोजके पण लांब. मुळात जेमतेम दीड फूट वाढणाऱ्या जातीत मला दुसरा प्रकार पटला. फुलदाणी उंच असेल, तर दोन फुटांपर्यंत जाणारी ‘ब्लू बेडर’ घ्यावी.

तुरा केव्हा कापायचा, यावर सारे अवलंबून आहे. खालची थोडी फुले उमलताच सकाळी लवकर कापलेला तुरा आठवडाभर टिकतो. पूर्ण उमलू दिला, तर टेबलावर पाकळ्यांचा सडा पडतो. तरीही तुरा निळाच राहतो, कारण फुलांखालचा निदलपुंजही निळा असतो आणि त्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते. हेच तुरे अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटे टांगून वाळवले तर रंग बराच काळ टिकतो, आणि माझ्या मते या झाडाचा खरा उपयोग तोच आहे. पाकिटावरच्या चित्रातला निळा मात्र अपेक्षू नये. प्रत्यक्षातला रंग जांभळ्याकडे झुकतो.

आपल्याकडे हे फूल हंगामी म्हणून विकले जाते, आणि उन्हाळा लागला की लोक रोपे उपटून टाकतात. वास्तविक ते बहुवर्षायू आहे. त्याला खरा धोका उन्हापेक्षा पावसाळ्यातल्या तुंबलेल्या पाण्याचा. जूनमध्ये निम्मे छाटून कुंड्या पत्र्याखाली सरकवल्या, तेव्हा पाऊस ओसरताच बुंध्यापासून नवे फुटवे आले, आणि त्यांचे दांडे पहिल्या बहरापेक्षा जाड आहेत.