तीन जांभळ्या, एक गुलाबी, एक पांढरी: पाचपैकी साडेतीन तारे

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा, मेणबत्त्यांचा संच या वेळी ऑनलाइन मागवला, ३८० रुपयांना. जांभळ्या तीन, गुलाबी एक आणि मधोमध लावायची पांढरी एक. दर रविवारी एक वाढवत जायची, तिसऱ्या रविवारी गुलाबी, आणि पांढरी नाताळला. भुसावळच्या बाजारात रंगीत मेणबत्ती मागितली की वाढदिवसाची काडी हातात देतात. महिनाभर पुरेल अशी जाडजूड मिळाली नाही.

आधी तक्रार सांगते. पार्सल वेळेवर आलं, पण गुलाबीचे दोन तुकडे. विकणाऱ्यांनी फोटो मागितला, मी पाठवला, पुढे सगळं सामसूम. शेवटी ह्यांनी उलथनं तापवून ती जोडली. जोडाशी जरा वाकडी झाली, जळते मात्र नीट. जांभळ्यांचा रंग वरवरचा, आत सगळं पांढरं मेण. वात आखूड, त्यामुळे सुरुवातीला मेणात बुडून विझते. सुईने उकरून वर काढावी लागते.

सोबत मेणबत्त्यांभोवतीचं हिरव्या पानांचं कडं येत नाही, ते तुमचं तुम्ही करा. इकडे सूचीपर्णी झाडं कुठली आणणार? मी केळीच्या वाळक्या सोपटाची चुंबळ वळली, थाळीत ठेवली आणि तिच्यात अशोकाची पानं खोचली. दर तीन दिवसांनी पानं बदलायची, बस. ही चालही काही आपली जुनी नाही. हाम्बुर्गमध्ये विखर्न नावाच्या प्रोटेस्टंट पाळकाने १८३९मध्ये अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या. मुलं सारखी विचारायची, नाताळ कधी? आम्ही कॅथलिकांनी ती बऱ्याच उशिरा उचलली. माझ्या सासूबाईंना तर अजून हे नवं फॅडच वाटतं.

आता मुख्य गोष्ट. ३० नोव्हेंबर २०२५ला पहिली लावली आणि आठवडाभर रोज जेवणाआधी तीच. ७ डिसेंबरला दुसरी लावायची होती. सकाळी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, बायबलमधलं योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचं शुभवर्तमान होतं, पश्चात्ताप करा म्हणून. दुपारी चाळीसगावच्या जाऊबाईंचा फोन आला आणि नाताळात सासूबाई कोणाकडे राहणार, यावरून मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी काडी ओढायची इच्छाच झाली नाही. तो आठवडा तसाच गेला, एकही मेणबत्ती पेटली नाही. संचासोबतच्या कागदावर दुसरीचं नाव ‘शांती’ लिहिलंय, ते मी नंतर वाचलं.

१४ला, गुलाबी रविवारी, मुलाने हट्ट धरला म्हणून तिन्ही एकदम लावल्या. खरं तर चारही मेणबत्त्या पायऱ्यांसारख्या उतरत गेल्या पाहिजेत. आमच्याकडे दुसरी आणि तिसरी एकसारख्या उंच राहिल्या. घरी येणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, ‘ह्या दोन अशा का गं?’ भांडणाचा पुरावा रोज टेबलावर!

त्याच आठवड्यात चर्चमध्ये पापनिवेदनाची, म्हणजे फादरांना आपली पापं सांगायची, संध्याकाळ होती. बाहेरगावचे एक फादरही आले होते. आमचे फादर आवाजावरून ओळखतात, म्हणून मी मुद्दाम बाहेरच्यांच्या रांगेत उभी राहिले. माझ्यासारख्या बऱ्याच जणी तिथे निघाल्या, त्यामुळे तीच रांग लांब झाली. मी आपली घाईघाईत यादी म्हणून टाकली. त्यांनी एवढंच विचारलं, ‘जाऊबाईंना फोन केला का?’ म्हटलं, अजून नाही. ‘मग प्रार्थना नंतर म्हणा, आधी तो करा.’

चर्चच्या आवारात मुलं क्रिबसाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, गवत पसरत होती, तिथेच बाजूला उभी राहून फोन लावला. मला वाटलं होतं, उचलणार नाहीत. उचलला आणि पहिला प्रश्न, ‘जेवन व्हयनं का?’ मी रडले. सासूबाईंचं अजून तसं पूर्ण ठरलं नव्हतं, पण २४ला जाऊबाईच त्यांना घेऊन आमच्याकडे आल्या, डब्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरी. मध्यरात्रीच्या मिस्साहून येऊन पांढरी लावली. ती मात्र उत्तम जळली, धूर नाही, ओघळ नाही.

तर घ्यावा का? घ्या. पण गुलाबीसाठी उलथनं तयार ठेवा आणि थाळी खोलगट घ्या, मेण फार ओघळतं. चौथी अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, दुसरी आणि तिसरी चार-चार बोटं. हल्ली वीज गेली की त्याच लावतो.