वेब सर्व्हरचं सर्टिफिकेट: फुकटचं की विकतचं, हातानं की आपोआप

नागपुरात इतवारीतल्या होलसेलवाल्याची कॅटलॉगची साइट असो की धंतोलीतल्या दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं पान, सर्टिफिकेटचा (साइट खरी त्याच पत्त्याची आहे हे ब्राउझरला पटवणारी आणि मधली देवाणघेवाण एन्क्रिप्ट, म्हणजे गुप्त, करू देणारी फाइल) विषय निघाला की पहिला सवाल ठरलेला: "भाऊ, फुकटात भेटून राहिलं त पैसे कायले द्याचे?" सवाल रास्त आहे, पण अर्धा. फुकट की विकत हा एक निर्णय. दर वेळी हातानं बसवायचं की सर्व्हरनं स्वतः आणायचं, हा दुसरा. माझ्या मते दुसरा जास्त महत्त्वाचा, आणि त्याबद्दल विकणारा सहसा बोलत नाही.

आधी पैशाचं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट आणि काही हजारांचं विकतचं, एन्क्रिप्शन दोन्हीत सारखंच. फरक पडतो तो पडताळणीत. डीव्ही प्रकारात फक्त डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुमच्या ताब्यात आहे की नाही, एवढंच बघतात. ओव्हीत फर्मची नोंदणी, पत्ता, फोन तपासतात. ईव्हीत तीच तपासणी आणखी कडक. पूर्वी ईव्ही घेतलं की ॲड्रेस बारमध्ये कंपनीचं नाव हिरव्या अक्षरात झळकायचं. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते तिथून काढलं. आता गिऱ्हाइकाला ते नाव मुद्दाम खोदून बघावं लागतं, आणि संत्री मागवणारा माणूस कशाला खोदतो? साध्या व्यापाऱ्यानं ईव्हीवर पैसे घालू नयेत.

आता मागणीची रीत. विकतचं घेताना सर्व्हरवर आधी प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्लीची फाइल, तयार करायची, तिच्यावरून सीएसआर, म्हणजे मागणीची फाइल. तीत डोमेनचं नाव, फर्मचं नाव, शहर, राज्य, देश असतो. डीव्ही असेल तर 'नागपूर, महाराष्ट्र' नीट लिहिलं काय नि न लिहिलं काय, सर्टिफिकेटवर ते उमटत नाही. ओव्हीत मात्र नाव नोंदणीच्या कागदावर आहे तसंच लागतं. दुकानाची पाटी एका नावाची आणि नोंदणी दुसऱ्या नावाची असेल, तर पडताळणी तिथेच अडते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सकट आणि त्याशिवाय, दोन्ही नावं सर्टिफिकेटमध्ये येणार ना, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

सीएसआर कुणालाही पाठवता येतो, त्यात गुपित काही नाही. प्रायव्हेट की मात्र सर्व्हरबाहेर जाता कामा नये. काही एजंट 'आम्हीच बनवून देतो' म्हणत प्रायव्हेट की आणि सर्टिफिकेट दोन्ही व्हॉट्सॲपवर पाठवतात. अशी की आली तर ती वापरू नका, नवीन सीएसआर देऊन सर्टिफिकेट पुन्हा काढून घ्या.

फुकटच्या वाटेवर ही सगळी उठाठेव सर्टबॉटसारखा प्रोग्रॅम करतो. तो सीएसआर बनवतो, डोमेन तुमचंच असल्याचं दाखवतो आणि सर्टिफिकेट घेऊन येतो. मुदत ९० दिवसांची, पण संपायच्या साधारण महिनाभर आधी तो स्वतःच नवीन आणतो. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच भाड्याच्या सर्व्हरवर अनेकांच्या साइट) असाल तर बहुतेक ठिकाणी पॅनेलमध्येच ही सोय असते. तिथे वेगळं काही विकत घेण्याचं कारण मला दिसत नाही.

अडचणी येतात त्या स्वतःच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर. हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यानं फायरवॉलमध्ये 'फक्त भारतातून' असा नियम लावला असेल, तर पडताळणी फसते, कारण लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासतं. पोर्ट ८०, म्हणजे सर्व्हरचं साध्या वेबचं दार, बंद असेल तरी नेहमीची पद्धत चालत नाही. अशा वेळी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींमध्ये, टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक नोंद) टाकून पडताळणी करावी. सगळ्या सबडोमेनसाठी एकच, म्हणजे वाइल्डकार्ड, सर्टिफिकेट हवं असेल, तर लेट्स एन्क्रिप्टकडे तीच एक वाट आहे. शिवाय जमेना म्हणून पुन्हा पुन्हा तीच आज्ञा मारू नका. त्याच नावांचं सर्टिफिकेट सात दिवसांत पाचदाच मिळतं. सराव त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर करा.

हातानं की आपोआप, याचा निकाल खरं तर तारखांनीच लावलाय. सीए, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था, आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचानं २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. हे विकतच्यालाही लागू. म्हणून कुणी 'तीन वर्षांचं घ्या, निवांत राहा' म्हणालं, तर पैसे तीन वर्षांचे आणि बसवण्याचं काम मधूनमधून होतच राहणार, हे समजून घ्या. त्यातलं एखादं दिवाळीच्या सुटीत संपणार, साइट बघणारा पोरगा गावी गेलेला असणार. फुकटवाल्यांनीही गाफील राहू नये: मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ पासून बंद केलेत. नूतनीकरण झालं की नाही, यावर नजर ठेवणारं काहीतरी वेगळं लावा.

मग विकतचं कुणी घ्यावं? ज्याच्याकडे ऑडिटर, मोठा ग्राहक किंवा टेंडर लेखी ओव्ही मागतं, त्यानं. किंवा जुनं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यानं, जिथे फाइल हातानंच टाकावी लागते. पण विंडोजच्या आयआयएस या वेब सर्व्हरवर असाल तर आधी विन-ॲक्मी हा सर्टबॉटसारखाच प्रोग्रॅम वापरून बघा. आणि विकतचं घेतलं म्हणजे हातानंच बसवायला हवं असं नाही. मोठ्या सीए आता आपोआप नूतनीकरणाची एसीएमई सोय देतात. 'तुमच्याकडे एसीएमई आहे का?' हे किंमत विचारण्याआधी विचारा. नाही म्हणाले, तर दुसरा विक्रेता बघा.

नागरी सहकारी बँकांचं प्रकरण थोडं निराळं. रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. नव्या नावाला नवं सर्टिफिकेट लागतंच, पण जुन्या पत्त्याचंही चालू ठेवावं लागतं. ते संपलं, तर जुना बुकमार्क उघडणाऱ्या खातेदाराला नव्या पत्त्यावर पोहोचण्याआधीच ब्राउझरचा लाल इशारा दिसतो.