व्हेगसच्या ट्रेनच्या भरवशावर घर: रँचो कुकामोंगा की हेस्पेरिया?

माझा मावसभाऊ आणि वहिनी सध्या दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या (एलए) पूर्वेला घर शोधतायत. दादाचं ऑफिस ऑन्टॅरिओ एअरपोर्टच्या बाजूला, आठवड्यातले तीन दिवस जावंच लागतं, आणि वहिनीच्या कंपनीचं काम व्हेगसला, म्हणजे महिन्याला दोन-तीन चकरा ठरलेल्या. समोर पर्याय दोन. खाली रँचो कुकामोंगात छोटं टाउनहाऊस, नाहीतर कॅहोन पास हा घाट चढून वर हेस्पेरियात तेवढ्याच पैशात ऐसपैस घर, मागे अंगण, आई-बाबा येऊन राहिले तर त्यांना वेगळी खोली. एजंटने दोघांना एकच वाक्य ऐकवलं, की दोन्हीकडे हायस्पीड ट्रेनचं स्टेशन होतंय, मग वर स्वस्तात का नाही घेत? दादाचा फोन मला आला कारण घरात रेल्वेचं वेड मलाच आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण या भागात आपले बरेच लोक याच विचारात आहेत.

आधी ट्रेन म्हणजे नक्की काय ते बघू. ब्राइटलाइन वेस्ट, लास व्हेगस ते रँचो कुकामोंगा, 218 मैल म्हणजे साधारण 350 किलोमीटर, बहुतेक सगळी लाईन आय-15 हायवेच्या मधल्या पट्ट्यातून. वेग कमाल ताशी 320 किमी, प्रवास दोन तास दहा मिनिटांच्या आसपास. मध्ये दोन स्टेशनं, ॲपल व्हॅलीजवळ व्हिक्टर व्हॅली आणि त्याच्या दक्षिणेला हेस्पेरिया, दोन्ही घाटाच्या वरच. रँचोचं स्टेशन आत्ताच्या मेट्रोलिंक (एलएची लोकल) स्टेशनला लागूनच. 22 एप्रिल 2024 ला भूमिपूजन झालं आणि तेव्हा 2028 च्या ऑलिंपिकआधी गाडी धावणार असं सांगितलं होतं. 2025 मध्ये ती तारीख डिसेंबर 2029 वर गेली, आणि खर्च जो एकेकाळी 12 अब्ज डॉलर सांगत होते तो 21.5 अब्जावर गेला.

आता लोक पहिली शंका काढतात ती वाळवंटाची. एवढ्या उन्हात, वाळूत, ताशी तीनशेने ट्रेन चालेल का? चालेल, आणि हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. मक्का ते मदिना हरमैन लाईन बघा, जेद्दावरून साधारण 450 किमी, ताशी 300, ऑक्टोबर 2018 पासून चालू आहे, आपल्याकडून उमऱ्याला गेलेल्या कितीतरी लोकांनी तिने प्रवास केलाय. तिथे वाळू रुळाखालच्या खडीत शिरते आणि खडी दगडासारखी घट्ट होते, मग गाडीचे धक्के झेलायची तिची ताकदच जाते, म्हणून काही टप्प्यांत खडी काढून सरळ काँक्रीटच्या स्लॅबवर रूळ टाकले. चीनमध्ये लांझोऊ ते उरुमची 1,776 किमी, 2014 ला सुरू झाली, गोबीच्या कडेकडेने जाते, आणि तिथला शत्रू वाळूपेक्षा वारा. त्याच भागात 2007 मध्ये तुर्फानजवळ वाऱ्याने एका साध्या गाडीचे डबे रुळावरून उलथवले होते, माणसं गेली होती. म्हणून नव्या लाईनला शेकडो किलोमीटर वारा अडवणाऱ्या भिंती बांधल्या. आपली लाईन जाणार त्या मोहावी वाळवंटात सरकत्या वाळूचा त्रास त्यामानाने खूप कमी, उन्हाने रूळ वाकू नये म्हणून ते आधीच ताण देऊन बसवायचं तंत्र सगळीकडे वापरतात, आणि अचानक येणाऱ्या पुराच्या ओढ्यांवर मोऱ्या बांधाव्या लागतात. हे सगळं इंजिनिअरला जमणारं आहे.

पण हरमैन आणि चीन दोन्हीकडे पैसा सरकारचा, आणि दोन्ही लाईन पूर्ण डबल. इथे खाजगी कंपनी, त्यात केंद्राचं 3 अब्जाचं अनुदान, बाकी बाँड आणि कर्ज. 2025 मध्ये कंपनीने केंद्राकडे अजून 6 अब्जाच्या कर्जासाठी अर्ज केला. याच मंडळींची फ्लोरिडातली मायामी ते ऑर्लँडो ट्रेन 2023 पासून धावतेय, गाडी छान आहे असंच जाऊन आलेले सगळे सांगतात, पण तिथेही काही बाँडचं व्याज पुढे ढकलावं लागलं. आणि या मोहावीच्या ट्रेनचा इतिहास बघितला तर पोटात गोळा येतो. 2005 ला डेझर्टएक्स्प्रेस नावाने सुरुवात, तेव्हा ती व्हिक्टरव्हिललाच संपणार होती म्हणजे एलएच्या माणसाने आधी गाडी घेऊन घाट चढायचा आणि मग ट्रेन पकडायची, 2012 ला नाव बदललं, 2013 ला केंद्राच्या कर्जाचं काम थांबलं, 2015 ला चिनी कंपनीशी हातमिळवणी, 2016 ला ती मोडली, 2018 ला ब्राइटलाइनने प्रकल्प विकत घेतला, 2020 ला बाँड विकायला काढले तेही जमलं नाही. तरीही यावेळी जमीन, परवानग्या आणि अनुदान हातात आहे, आधी कधीच एवढं नव्हतं. त्यामुळे माझं मत असं की ट्रेन येईल, पण 2029 ला येईल असं धरून कोणी तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊ नये.

दुसरी गोष्ट एजंट कधीच सांगणार नाही. ही लाईन बरीचशी सिंगल ट्रॅक आहे, मध्ये मध्ये गाड्या एकमेकींना ओलांडतील असे डबल तुकडे. कोकण रेल्वेने गणपतीला गावाला गेलेल्या कोणालाही याचा अर्थ समजावून सांगायला नको, कुठल्यातरी छोट्या स्टेशनवर गाडी उभी, बाहेर पाऊस, समोरून येणारी गाडी गेल्याशिवाय सिग्नल नाही, आणि एक गाडी लेट झाली की मागच्या सगळ्या लेट. इथे कॉम्प्युटरवर वेळापत्रक कितीही बारीक बसवलं तरी सिंगल ट्रॅकचा हा स्वभाव बदलत नाही. आणि रोज ऑफिसला जाणाऱ्याला ताशी 320 चा वेग नको असतो, रोज त्याच मिनिटाला येणारी गाडी हवी असते.

हेस्पेरियाचं स्टेशन तर नीट समजून घ्या. व्हेगसच्या प्रत्येक गाडीचा थांबा तिथे नाहीये. प्लॅन असा आहे की कामाच्या दिवशी सकाळी खाली जाणाऱ्या काही ठराविक गाड्या आणि संध्याकाळी वर येणाऱ्या काही, एवढंच. म्हणजे दादाचे तीन दिवस कदाचित भागतील, पण वहिनीला व्हेगसला जायचं तर व्हिक्टर व्हॅली स्टेशनपर्यंत गाडी चालवावीच लागणार.

तोपर्यंत काय, तर कॅहोन पास. साधारण 900 मीटरचा चढउतार, सोबत मालवाहू ट्रक, सांता ॲना नावाचा वाळवंटाकडचा जोराचा वारा सुटला की उंच ट्रक डुलायला लागतात, हिवाळ्यात कधी धुकं कधी बर्फ. ऑगस्ट 2016 च्या ब्लू कट नावाच्या वणव्यात तर आय-15 च बंद होता, वर राहणाऱ्यांना घरी जायला वाट नव्हती. माझा एक कलीग वर राहायचा, पहाटे पाचला निघायचा, मुलं झोपलेली असताना जायचा आणि झोपल्यावर परत यायचा, तीन वर्षांनी घर विकून खाली आला. अंगण होतं, लिंबाचं झाड होतं, बसायला वेळ नव्हता.

रँचोचं गणित वेगळं आहे. तिथे मेट्रोलिंक आज आहे, एलए युनियन स्टेशनला सव्वा तासाच्या आसपास. दादाचं ऑफिस पंधरा मिनिटांवर. ट्रेन 2029 ला आली तर वहिनी घरून स्टेशनला दहा मिनिटांत, व्हेगसला दोन तास दहा मिनिटं. 2032 ला आली तरी काही अडत नाही. आलीच नाही तर ऑन्टॅरिओ एअरपोर्ट शेजारी, व्हेगसचं विमान हवेत तासभरच असतं. जागा कमी मिळते हे खरं, आई-बाबा आले की हॉलमध्ये गाद्या टाकाव्या लागतील, हा तोटा मी लहान समजत नाही, सासूबाई चार महिने आमच्याकडे होत्या तेव्हा एका बाथरूमवर सगळ्यांचे हाल झाले होते.

गाडीने व्हेगस करायचं तर रँचोहून रिकाम्या रस्त्याला साडेतीन तासांच्या आत-बाहेर. पण रविवारची दुपार कोणी विसरू नये. गेल्या मार्चमध्ये आम्ही परत येताना नेवाडाच्या सीमेवरच्या प्रिमच्या पुढे जे अडकलो, वाटेतलं बेकर गाव येईपर्यंत मुलांचा सगळा खाऊ संपला होता. तो बेकरचा 134 फुटी थर्मामीटर दिसतोय दिसतोय आणि जवळच येत नाही, धाकटी दर दोन मिनिटांनी विचारायची, आता किती आकडा आहे. जुलै 2024 मध्ये बेकरजवळ लिथियम बॅटऱ्यांचा ट्रक उलटून पेटला तेव्हा तर चाळीस अंशाच्या वर उन्हात लोक तासन्‌तास गाडीत बसून होते, रस्ता पूर्ववत व्हायला जवळजवळ दोन दिवस गेले. त्या रस्त्याला दुसरा धड पर्याय नाही, म्हणूनच ही ट्रेन व्हावी असं मला मनापासून वाटतं. 1997 ला ॲमट्रॅकची (इथली राष्ट्रीय प्रवासी रेल्वे) डेझर्ट विंड ही गाडी बंद झाली तेव्हापासून एलए आणि व्हेगसमध्ये एकही प्रवासी गाडी नाही, एवढी दोन मोठी शहरं आणि मध्ये रूळ असून गाडी नाही हे मला अजून पटत नाही.

एलए शहरात राहणाऱ्यांसाठी मात्र हिशेब एवढा चांगला नाही. युनियन स्टेशनहून मेट्रोलिंकचा सव्वा तास, गाडी बदलायला वीस-पंचवीस मिनिटं, मग दोन तास दहा मिनिटं, म्हणजे पावणेचारच्या पुढे. गाडीने रस्ता मोकळा असेल तर चार तास. त्यांना फायदा फक्त शुक्रवारी-रविवारी. इनलँड एम्पायरमध्ये, म्हणजे रँचो-ऑन्टॅरिओच्या या भागात, राहणाऱ्यांना मात्र रोजच.

तर दादाला मी सांगितलं, रँचो घे. हेस्पेरियाचं घर आवडलंच असेल तर ते अंगणासाठी घे, आई-बाबांच्या खोलीसाठी घे, ट्रेनसाठी घेऊ नकोस, आणि सही करायच्या आधी एका मंगळवारी पहाटे साडेपाचला त्या घराच्या दारातून निघून ऑफिसला जा, आणि संध्याकाळी पाचला परत चढ. वहिनीला हे पटलं. येत्या मंगळवारी दोघं वर एका मोटेलमध्ये राहतायत.