पिकअपची चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) कापून छोटी करताना: सरळ काप की झेड काप?

सरळ काप मोहात पाडतो. ग्राइंडरने तुकडा काढला, टोकं भिडवली, वेल्डिंग मारलं. पण चासीच्या दांड्याची वरची पट्टी, खालची पट्टी आणि उभी बाजू, सगळ्यांचा जोड एकाच रेषेत येतो. तडा गेलाच तर थेट आरपार.

झेड कापात वरचा जोड पुढे, खालचा मागे, ताण विभागतो. कापायला मात्र किचकट. पुठ्ठ्याचा साचा करून रेघा आखा, नाहीतर राहिलेली फट वेल्डने बुजवत बसावं लागतं. मी तरी झेडच घेईन. वरून आधाराची पट्टी लावलीत तर तिची टोकं तिरकी ठेवा, उभी नकोत.

चासीच्या कर्णांची (तिरक्या कोपऱ्यांमधली) मापं जुळवणं आणि प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा, छोटा करून बॅलन्स करणं दोन्ही कापांत आहेच. आणि हो, वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा.