गाडी लागली म्हणून गाडी ठरली

चार मीटरच्या आतली टर्बो पेट्रोल (म्हणजे लहान इंजिनातून जादा ताकद काढणारी) गाडी घ्यायची, इथवर घरात एकमत होतं. भांडण उंचीवर होतं. एकीकडे बसकी, जरा तिखट हॅचबॅक; दुसरीकडे जवळपास तेवढ्याच ताकदीचं इंजिन असलेली उंच एसयूव्ही. दोन्हींची नावं मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की गाडी राहते बाजूला आणि कंपन्यांवरून जुंपते.

गल्लीत विचारलं तर उत्तर ठरलेलं: "उंच घे की भावा, रस्ते बघतोस न्हवं?"

दहा-बारा वर्षांपूर्वी हे उत्तर एवढं झटक्यात आलं नसतं. चाकणला बनणारी पोलो २०१० साली आली, २०१३ ला तिचीच टर्बो पेट्रोल आवृत्ती जीटी टीएसआय आली आणि आमच्या कट्ट्यावर पगार नसलेली पोरंसुद्धा हप्ते मोजायला लागली. २०१५ ला रांजणगावहून पुंटो अबार्थ निघाली, १४५ बीएचपी ताकदीची. पुढं त्याच जातीच्या बलेनो आरएस, टियागो जेटीपी. एकेक करून सगळ्या गेल्या, पोलोही २०२२ ला थांबली. मधे आय-ट्वेंटी एन लाइन आणि अल्ट्रोझ रेसर आल्या, पण रस्त्यावर मोजायला बसलात तर चहा गार होईल.

लोकांची आवड बदलली हे खरं, पण त्या आवडीला कराचंही खतपाणी आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा फरक १८ आणि ४० टक्के इतका आहे. अबार्थ लांबीत बसत होती, पण इंजिन १.४ लिटरचं, म्हणून सवलतीच्या बाहेर. गंमत अशी की या नियमात लांबी मोजतात, इंजिन मोजतात, उंची कुणी मोजत नाही. मग कंपन्यांनी गाड्या वरच्या अंगाला वाढवल्या. तेवढ्याच पैशात दारात मोठी गाडी दिसत असेल तर गिऱ्हाईक तिकडं जाणारच, त्यात त्याची काही चूक नाही.

उंच गाडीची बाजू लंगडी नाही, हे आधीच कबूल करतो. आईला हॅचबॅकमध्ये बसवलं तेव्हा ती म्हणाली, "बसायला काय न्हाई रे, उठताना हात दे." उंच गाडीत ती पदर सावरत आपली आपण उतरली. स्पीडब्रेकरचंही तसंच. आपल्याकडचे निम्मे स्पीडब्रेकर रात्रीत कुणीतरी बांध घातल्यासारखे असतात. पाच माणसं बसली की हॅचबॅक त्यावरून तिरपी काढावी लागते, आणि तरी कधीतरी खालून खर्रकन आवाज येतोच. तो आवाज काळजाला लागतो.

पण "उंचावरून रस्ता दिसतो" हे मला फारसं पटलं नाही. गळीत हंगामात कोल्हापूर-गगनबावडा रोडला उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं अडकून बघा. ऊस कुठल्याही एसयूव्हीपेक्षा उंच असतो. पुराचंही कारण सांगतात. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा ट्रकसुद्धा रांगेनं उभे होते, आपल्या चार बोटं जास्त उंचीचं काय घेऊन बसलात?

खरं म्हणजे यातल्या कशानंच निर्णय झाला नाही. निर्णय केला माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं. तिला गाडी लागते.

ट्रायल म्हणजे शोरूमपासून हायवेवर सरळ जाऊन यायचं, अशी शोरूमवाल्यांची पद्धत. मी हट्टानं पन्हाळ्यापर्यंत मागितली, दोन रविवारी दोन गाड्यांची. उंच गाडीत ती वाघबीळपर्यंत बडबडत होती. चढ सुरू झाला आणि गप्प झाली. प्रत्येक वळणाला गाडी आधी बाहेरच्या अंगाला कलायची, मग सावरायची, तोवर पुढचं वळण. मला स्टेअरिंग धरून काही वाटलं नाही. मागच्या सीटवर ते पाळण्यासारखं होत असणार. तिसऱ्या-चौथ्या वळणाला "पप्पा, थांबवा" एवढंच आलं. शोरूमच्या पोरानं प्रसंग ओळखून माहितीपत्रक झटकन बाहेर काढलं आणि रिकामी पिशवी मागं दिली. बिचारा नंतर ईएमआयचं काही बोललाच नाही.

पुढच्या रविवारी हॅचबॅक. तोच घाट, साधारण तोच वेग, खिडकी उघडी, आणि हातात लिंबू तयार. वळणात गाडी जमिनीला चिकटून गेली. लेक वर पोहोचल्यावर झुणका-भाकर खाऊन, दह्याची वाटी चाटूनपुसून परत बसली आणि उतरताना झोपली. हे काही शास्त्रीय मोजमाप नव्हे. त्या दिवशी तिचं पोट बरं असेल, मी नकळत हळू चालवली असेल. उंच गाड्यांतही काहींचं सस्पेन्शन कडक असतं, त्या कमी झुलत असतील. पण वजन जितकं वर, तितकी गाडी वळणात जास्त कलायला बघते, आणि आमची प्रत्येक सुट्टी कुठल्या ना कुठल्या घाटातून जाते. कोकणात उतरायचं तर दुसरी वाट नाही.

हॅचबॅक घेतली त्याला आता वर्ष होत आलं. आईला पुढची सीट दिली आहे. उतरताना हात द्यावा लागतो, तो देतो. घरात रोज ये-जा करणारं वयस्कर माणूस असेल आणि घाट वर्षातून एकदाच होत असेल तर मी तुम्हाला उंच गाडीच घ्या म्हणेन, अगदी मनापासून. नाहीतर एकदा बसकी चालवून बघाच. ट्रायलला घरातलं गाडी लागणारं माणूस बरोबर न्या, तेही जेवण झाल्यावर. पिशवी शोरूमवाले देतात.