‘जीव्ज अँड वूस्टर’ की ‘ब्लँडिंग्ज’: वुडहाऊस पडद्यावर पाहायचे असल्यास

इंग्रजी विनोदी लेखक पी. जी. वुडहाऊस यांचे विनोदी विश्व पडद्यावर अनुभवायचे ठरवले, की प्रामुख्याने दोन ब्रिटिश मालिका समोर येतात. आयटीव्हीवर १९९० ते १९९३ या काळात दाखवली गेलेली ‘जीव्ज अँड वूस्टर’ चार पर्वांची आणि २३ भागांची असून तिचा प्रत्येक भाग सुमारे ५० मिनिटांचा आहे. बीबीसीची २०१३-१४ मधील ‘ब्लँडिंग्ज’ मात्र अर्ध्या-अर्ध्या तासाच्या १३ भागांत आटोपते. आधी कोणती पाहावी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर निःसंदिग्धपणे पहिलीच्या बाजूने आहे.

वुडहाऊस यांचा विनोद प्रसंगांत जितका आहे, त्याहून कितीतरी अधिक तो निवेदनात आहे, आणि कॅमेऱ्यापुढे निवेदक उरत नाही, ही दोन्ही मालिकांपुढची खरी अडचण होती. बर्टी वूस्टर हा श्रीमंत, निरुद्योगी तरुण आणि जीव्ज हा त्याचा चतुर सेवक. त्यांच्या बहुतेक कथा बर्टी स्वतःच सांगतो. तो आवाज गमावल्यावर बर्टी साकारणाऱ्या ह्यू लॉरी यांनी त्याची भरपाई चेहऱ्याने केली: समोरचा काय म्हणतो आहे हे क्षणभर उशिराने उमगणारे ते मोठे डोळे पाहिले, की पुस्तकातली वाक्ये आपोआप आठवतात. स्टीफन फ्राय यांचा जीव्ज याच्या नेमका उलट, जवळजवळ निश्चल आहे. त्याची नापसंती भुवईच्या किंचित हालचालीतून कळते. बर्टी पियानोवर ‘मिनी द मूचर’ हे गाणे वाजवत जीव्जला पालुपद म्हणायला लावतो आणि जीव्ज त्या निरर्थक अक्षरांनाही अदबीने शेवटी ‘सर’ जोडतो, तेवढ्या एका प्रसंगात दोघांचे सारे नाते सामावले आहे. पियानो लॉरी स्वतः वाजवतात आणि गातातही स्वतःच. ॲन डडली यांचे जॅझच्या वळणाचे संगीत कथांमधल्या काळाची हवा आणखी गडद करते.

‘ब्लँडिंग्ज’मध्ये ही भरपाई झालेली नाही. ब्लँडिंग्ज या वाड्याचे मालक लॉर्ड एम्सवर्थ यांच्या कथा त्रयस्थ निवेदक संथपणे रंगवतो. मालिकेत मात्र तो संथपणा जाऊन धावपळ, आरडाओरडा आणि चिखलात पडणे-धडपडणे आले आहे. टिमथी स्पॉल यांचे विसरभोळे, अजागळ लॉर्ड एम्सवर्थ आणि जेनिफर साँडर्स यांची करारी बहीण कॉनी ही जोडी चांगलीच आहे. एम्प्रेस या लाडक्या डुकरिणीने अन्न सोडल्यावर एम्सवर्थ यांच्या जिवाची होणारी घालमेल स्पॉल मनापासून उभी करतात. उत्तर आयर्लंडमधील क्रॉम कॅसल येथे झालेले चित्रीकरणही देखणे आहे. तरीही मूळ कथा वाचलेल्या रसिकाची येथे निराशा होण्याचीच शक्यता अधिक, असे मला वाटते.

‘जीव्ज अँड वूस्टर’मध्येही उणिवा आहेत. पात्रे तीच राहून नट बदलतात. डालियाआत्या तर चार पर्वांत चार अभिनेत्रींनी साकारली आहे, त्यामुळे सलग पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो. न्यूयॉर्कमध्ये घडणारे नंतरचे भाग इंग्लंडातल्या वाड्यांइतके रंगत नाहीत. दुसऱ्या पर्वातल्या एका भागात तोंडाला काळा रंग फासून केलेले कृष्णवर्णीयांचे सोंग आहे. ते आज खटकते, आणि मुलांबरोबर पाहणार असाल तर त्याबद्दल त्यांच्याशी बोलावे लागेल.

घरातल्या लहानांना सोबत घेऊन अर्धा तास हसायचे असेल, तर ‘ब्लँडिंग्ज’ अवश्य लावावी. डुक्कर आणि धांदल मुलांना आवडते, शिवाय भाग छोटे आहेत. इतरांनी ‘जीव्ज अँड वूस्टर’ची पहिली दोन पर्वे आधी पाहावीत. एकाच भागावरून निर्णय घ्यायचा असेल, तर पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग निवडावा. त्यात पाणसरड्यांच्या अभ्यासात बुडालेला लाजाळू गसी फिंक-नॉटल मद्याच्या अंमलाखाली शाळेच्या बक्षीस समारंभात भाषणाला उभा राहतो. तो भाग पाहूनही हसू आले नाही, तर उरलेल्या २२ भागांसाठी वेळ काढू नये.